‘थोडक्यात सांग’ म्हणजे नेमकं किती? ऑटिस्टिक माणसांसाठी, आणि त्यांना प्रश्न विचारणाऱ्यांसाठी

दारात चपला काढतेय तोवर आईचा प्रश्न येतो, “काय गं, कसं झालं लग्न?”

ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न, घोडबंदर रोडवरचा हॉल. प्रश्न ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर सगळं एकदम उभं राहतं. दारातल्या रांगोळीतला मोर, त्याची डावी बाजू कुणाच्या तरी पदराने पुसली गेलेली. जिलेब्या तळणाऱ्याच्या अंगठ्याला बांधलेली पट्टी. तिसऱ्या मंगलाष्टकाला खरखरलेला माइक. यातलं ‘कसं झालं’ नेमकं कुठलं? मला सापडत नाही, म्हणून मी म्हणते, “झालं.” आई म्हणते, “एवढंच?” मग मी मोरापासून सुरुवात करते आणि चौथ्या मिनिटाला आई हात जोडते, “अगं बाई, थोडक्यात सांग!”

एका टोकाला ‘झालं’, दुसऱ्या टोकाला पाल्हाळ. अधलंमधलं काही नाही. माझं ऑटिझमचं निदान एकतिसाव्या वर्षी झालं, तोवर मला हा स्वभावदोष वाटायचा. (ऑटिस्टिकसाठीचा ‘स्वमग्न’ हा मराठी शब्द मी वापरत नाही. सरकारी कागदावर असू दे. पण रांगोळीतल्या मोरात, जिलेबीवाल्याच्या अंगठ्यात आणि माइकच्या खरखरीत एकाच वेळी अडकलेल्या बाईला ‘स्वतःत मग्न’ म्हणणं म्हणजे कमालच.) नोकरी ऐरोलीला, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. तिथे काहीही नजरेतून न सुटण्याचा मला पगार मिळतो. त्याच ऑफिसात मीटिंगमध्ये मात्र ‘दोन वाक्यांत सांगा’ असं म्हटलं की माझी वाचा बसते. गेल्या काही वर्षांत मी स्वतःसाठी जी पद्धत बसवली, ती इथे लिहिते आहे.

आधी, अडतं कुठे ते

बहुतेकांच्या डोक्यात एखाद्या प्रसंगाचा गोषवारा आपोआप तयार होतो आणि तपशील गळून पडतात. माझ्याकडे तपशील राहतात, गोषवारा हाताने करावा लागतो. सगळ्यांना मिसळ दिसते. मला मटकी, फरसाण, कांदा, तर्री दिसते आणि ‘मिसळ’ हा शब्द मागाहून आठवतो. ऊटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये यावर एक सिद्धांत मांडला : ऑटिस्टिक मेंदूची सुट्या गोष्टी जोडून एक अर्थ करण्याची ओढ कमी असते. सुरुवातीला ही उणीव मानली गेली. पुढे २००६ मध्ये फ्रिथ आणि फ्रान्चेस्का हॅपे यांनीच भूमिका बदलली. ही तपशिलाकडे झुकणारी विचारशैली आहे, सांगितलं तर ही माणसं अख्खं चित्रही बघू शकतात, असं त्यांनी लिहिलं. ‘सांगितलं तर’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढची सगळी युक्ती त्यावरच उभी आहे.

सगळ्या ऑटिस्टिक माणसांचं असंच होतं असं नाही. कुणी चित्रांत विचार करतं आणि शब्द शोधत बसतं, कुणाचे शब्द भरपूर पण क्रम लागत नाही, कुणी तोंडाने बोलतच नाही, अक्षरांच्या पाटीवर किंवा टॅबवर बोट ठेवून सांगतं. माझी पद्धत माझ्यासारख्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडेल. बाकीच्यांनी लागेल तेवढी उचलावी.

पहिली पायरी : आधी सगळं ओतून घ्या

सांगता सांगता निवडायचा प्रयत्न करू नका. एका वेळी दोन कामं होत नाहीत आणि मग ‘झालं’ एवढंच तोंडातून बाहेर येतं. मोबाइलचं व्हॉइस रेकॉर्डिंग किंवा साधी वही घ्या आणि जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने ओता. वाक्यं पूर्ण नसली तरी चालतील. व्याकरण नको, ‘हे महत्त्वाचं आहे का’ हा प्रश्न नको. मी घड्याळ लावून पाच मिनिटं देते, कारण घड्याळ नसेल तर मी पंचेचाळीस मिनिटं ओतत बसते.

मागच्या पावसाळ्यातल्या एका सकाळचं माझ्या वहीतलं पान असं आहे :

‘नौपाड्यातून निघताना छत्री उलटी झाली, एक काडी वाकली. ठाणे स्टेशन, ट्रान्सहार्बरचा प्लॅटफॉर्म, खूप गर्दी. ओल्या प्लास्टिकचा वास. शेजारच्या बाईच्या पिशवीतून कढीपत्ता डोकावत होता, कोवळा. तिघींच्या मोबाइलवर तीन वेगवेगळी रील्स, सगळी स्पीकरवर. दिघा गाव कळलं. ऐरोली कळलंच नाही. पाटी दिसली ती रबाळ्याची. उतरले. पुलावरून पलीकडे, परतीची गाडी. ऑफिसला २५ मिनिटं उशीर. रिपोर्ट काल रात्रीच तयार होता, पाठवायचा राहिला होता. तासभर हात गार. डबा खाल्ला. या महिन्यात स्टेशन दुसऱ्यांदा चुकलं.’

हा झाला कच्चा माल. हा कुणाला दाखवायचा नसतो.

दुसरी पायरी : विचारणाऱ्यालाच प्रश्न विचारा

सारांश म्हणजे मूळ गोष्टीची लहान प्रत, असं आपल्याला शाळेत शिकवतात. मी वीस वर्षं त्या समजुतीत फसले. सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या लहान करायला जायचे आणि अर्थातच जमायचं नाही. फोटो लहान करता येतो. प्रसंगातून कुणासाठी तरी निवड करावी लागते. ती कशासाठी करायची हे ‘थोडक्यात सांग’ म्हणणारा माणूस सांगत नाही. त्याला वाटतं, ते उघडच आहे. आपल्याला ते उघड नसतं, म्हणून विचारून घ्यायचं.

मी विचारते ते प्रश्न ठरलेले आहेत. ‘हे ऐकून तुम्हाला काय ठरवायचंय?’ हा साहेबांसाठी. ‘तुला कुणाबद्दल ऐकायचंय, माणसं की जेवण?’ हा आईसाठी. घाईत असले तर नुसतं, ‘किती वाक्यं?’ पहिल्यांदा विचारताना हे उद्धट वाटेल अशी मला भीती होती. प्रत्यक्षात आमच्या साहेबांना ते आवडलं, ते म्हणाले, बाकीच्यांनीही विचारायला हवं. आईने मात्र कपाळावर हात मारला होता, हेही सांगते.

समोरचा सांगणारच नसेल तर ठरावीक साचे आधीच तयार ठेवा. माझ्या पाकिटात एका कार्डावर लिहिलेले आहेत. ऑफिसचा साचा : काय झालं, आत्ता काय स्थिती, तुमच्याकडून काय हवं. घरचा : कोण होतं, काय खाल्लं, मी बरी आहे का. डॉक्टरांचा : काय होतं, कधीपासून आणि किती वेळा, त्यामुळे काय करता येत नाही. प्रत्येकात तीनच खण. खणात बसेल ते बोलायचं.

तिसरी पायरी : चाळणी

आता कच्च्या मालातली एकेक ओळ उचला आणि एकच गोष्ट तपासा : ‘ही ओळ गाळली तर ऐकणारा काही वेगळं करेल का?’ नाही, असं उत्तर आलं की ती ओळ त्या माणसापुरती बाहेर. ‘ही ओळ चांगली आहे का’, ‘खरी आहे का’ असं विचारायला गेलात तर सगळ्याच ओळी चांगल्या आणि खऱ्या निघतात. अनुभवाने सांगते.

त्या पावसाळी सकाळची तीन रूपं अशी झाली.

साहेबांना : ‘मी २५ मिनिटं उशिरा आले. रिपोर्ट तयार आहे, साडेदहापर्यंत पाठवते. तुमच्याकडून काही नको.’

आईला फोनवर : ‘स्टेशन चुकलं, रबाळ्याला गेले होते. भिजले नाही. डबा खाल्ला.’

समुपदेशकांना : ‘गर्दीत तीन-चार आवाज एकदम आले की स्टेशनची घोषणा माझ्यापर्यंत पोचत नाही. या महिन्यात दुसऱ्यांदा झालं. नंतर तासभर हात गार असतात आणि काम होत नाही.’

बघा, छत्रीची काडी कुठेच आली नाही आणि गार हात फक्त एका ठिकाणी आले. साहेबांना मी पूर्वी कारण सांगत बसायचे, रील्सपासून रबाळ्याच्या पुलापर्यंत, कारण न सांगणं मला खोटं बोलल्यासारखं वाटायचं. ही अडचण आपल्यातल्या अनेकांना येते. गाळणं आणि लपवणं यांतला फरक आपल्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. मी शेवटी एक वाक्य जोडते, ‘बाकी तपशील हवे असतील तर सांगते.’ त्याने दार उघडं राहतं आणि माझा जीव भांड्यात पडतो. आजवर दोनदाच कुणी ते मागितले आहेत.

कढीपत्त्याचं काय झालं? तो माझ्या एका मैत्रिणीला सांगितला. ती नेरुळला राहते, तीही ऑटिस्टिक. मी सगळं पान जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि तिने विचारलं, “कोवळा म्हणजे देठ लाल होते का?” आम्ही दोघी जेव्हा बोलतो तेव्हा थोडक्यात सांगायची गरजच पडत नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं : ऑटिस्टिक आणि बिगरऑटिस्टिक माणसांत समजुतीचा घोळ होतो तो दोन्ही बाजूंनी होतो, एकट्या ऑटिस्टिक माणसाच्या डोक्यात नाही. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगरऑटिस्टिक असलेल्या साखळीत, आणि मिश्र साखळीत ती लवकर झिजली. पुढे २०२५ मध्ये तीनशेहून जास्त लोकांवर मोठा प्रयोग झाला, त्यात मिश्र साखळीही मागे पडली नाही. म्हणजे मिश्र साखळीचं काय ते एकदम ठरवून टाकू नये. पण ‘यांना नीट सांगताच येत नाही’ हे दोन्हींपैकी एकाही प्रयोगात दिसलं नाही, हे असं म्हणणाऱ्या कुणालाही सांगायला पुरेसं आहे.

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाची वेगळी गत

वरच्या तीन पायऱ्या घटनांसाठी आहेत. भावना त्या चाळणीत टिकत नाहीत, कारण ओतायलाच काही नसतं. स्वतःच्या भावना ओळखता आणि शब्दांत मांडता न येणं याला अलेक्सिथायमिया म्हणतात. २०१९ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली, तीत ऑटिस्टिक लोकांपैकी जवळपास निम्म्यांत तो आढळला. इतरांत हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होतं. निम्म्यांत नसतो, हेही तितकंच खरं. तेव्हा ‘ऑटिस्टिक म्हणजे भावना कळत नाहीत’ असं कुणी म्हटलं तर ते सोडून द्या.

माझ्यात अलेक्सिथायमिया आहे. मी शब्द शोधायचं सोडलं आणि शरीर मोजायला लागले. हात गार की गरम, जबडा आवळलाय का, पोटात काय, आवाज नेहमीपेक्षा मोठे वाटतायत का. याची चार घरांची एक चौकट मोबाइलमध्ये ठेवली आहे, दिवसातून दोनदा भरते. सहा आठवड्यांनी कळलं, गार हात आणि आवळलेला जबडा एकत्र आले की त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हमखास कुणावर तरी ओरडते. त्या जोडीला मी ‘राग’ म्हणायला लागले. बरोबर नाव तेच आहे की नाही, देव जाणे. पण ‘मला राग येतोय, तासाभराने बोलू’ एवढं तरी वेळेत म्हणता येतं. डॉक्टर ‘किती दुखतंय, एक ते दहा?’ असं विचारतात तेव्हाही मी आकडा सांगत नाही, तो मला काढताच येत नाही. ‘काल जिना चढले, आज चढता येत नाही’ असं सांगते. त्यांचं काम भागतं.

शब्द संपतात तेव्हा

थकल्यावर, गर्दीतून आल्यावर, भांडणात, कितीही सराव असला तरी शब्द संपतात. तेव्हा पायऱ्याबियऱ्या काही नाही. एक तयार मेसेज ठेवा : ‘आत्ता बोलता येत नाहीये, रात्री लिहून पाठवते.’ आणि खरंच पाठवा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही.

विचारणाऱ्यांसाठी

आई-बाबा, शिक्षक, साहेब, नवरे-बायका, हे तुमच्यासाठी. लंडनचे मानसशास्त्रज्ञ डरमॉट बोलर यांनी दाखवून दिलं, की ऑटिस्टिक माणसाला ‘आठव आणि सांग’ म्हटलं तर कमी सांगता येतं, पण आठवायला आधार दिला, धागा हातात दिला, की फरक बराच कमी होतो. आठवण असते, तिच्यापर्यंत पोचायला मोकळा प्रश्न पुरत नाही.

तेव्हा मोकळे प्रश्न थोडे आवळा. मूल शाळेतून आलं की ‘काय केलंस आज?’ ऐवजी ‘मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसलास?’ असं विचारा. ‘सहल कशी झाली?’ ऐवजी सहलीचे तीन फोटो समोर ठेवा आणि म्हणा, यातल्या एकाबद्दल सांग. मात्र उत्तर प्रश्नातच भरू नका. ‘मजा आली ना?’ याला मूल ‘हो’ म्हणेल आणि तुम्हाला काहीही कळलेलं नसेल.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. बहुतेक माणसं तीनला धीर सोडतात आणि तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतात, की आमचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाक्य तोंडातून काढून घेऊन पूर्ण करू नका. मीटिंगमध्ये बोलायचं असेल तर प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवा. आणि कुणी मोरापासून सुरुवात केली तर दोन मिनिटं ऐकून मग विचारा, ‘यात मी काय करायला हवं?’ ‘मुद्द्याचं बोल’ म्हणू नका. आमच्या दृष्टीने आम्ही मुद्द्याचंच बोलत असतो.

शाळेतलं सारांशलेखन

आता माझ्या भाच्याची गोष्ट. तो दहावीला होता, तोही ऑटिस्टिक, आणि आगगाड्यांचा किडा. राज्य मंडळाच्या मराठीच्या पेपरात अपठित उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा प्रश्न असतो. सरावासाठी मी त्याच्या आवडीचा उतारा तयार केला, इथेच माझी चूक झाली.

‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे भारतातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढले. डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते. गाडी सुटताना २१ तोफांची सलामी देण्यात आली. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर ३४ किलोमीटर होते. या प्रवासाने देशातल्या प्रवासी रेल्वेची सुरुवात झाली आणि पुढे तिचे जाळे देशभर पसरले.’

शब्द ५४. म्हणजे १८ शब्दांत बसवायचं. तासाभराने त्याची वही बघितली तर ४९ शब्द. त्याने फक्त ‘देण्यात आली’सारखे शब्द काढले होते.

“मावशी, इंजिनांची नावं काढली तर मग उरलं काय?”

मला उत्तर सुचेना, कारण मलाही तसंच वाटत होतं. मग आम्ही दोन वह्या केल्या. एक सारांशाची, दुसरी ‘ठेवणीतली’. जे काढायचं ते खोडायचं नाही, ठेवणीतल्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचं. साहिब, सिंध, सुलतान तिथे गेले, तोफा गेल्या, डबे आणि पाहुणे गेले. टाकलं नाही, ठेवलं आहे, हे डोळ्यांना दिसल्यावर त्याचा हात मोकळा झाला. परीक्षेत दुसरी वही नसते. तिथे कच्च्या कामाच्या जागेत लिहायचं.

नियम यांत्रिक हवा. ‘महत्त्वाचं निवड’ असं सांगून उपयोग नाही, महत्त्वाचं काय हेच तर कळत नाही. आमचा नियम असा : उताऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. कोण किंवा काय? त्याने काय केलं? त्यामुळे काय बदललं? या तिन्हींच्या उत्तरात न येणारी नावं, आकडे, उदाहरणं, उपमा थेट ठेवणीत. नंतर शब्द मोजायचे. जास्त असतील तर विशेषणं काढायची, कमी असतील तर ठेवणीतला एक आकडा परत आणायचा. हे परत आणता येणं त्याला फार आवडलं. शेवटचं वाक्य हे निघालं :

‘भारतातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली आणि देशभर पसरलेल्या रेल्वेची सुरुवात झाली.’

बरोबर १८. त्याने तीनदा मोजले.

शाळेत सवलतीही मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं आणि ते हातात यायला वेळ लागतो, तेव्हा नववीतच सुरुवात करा. नवी मुंबईत राहत असाल तर वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र, म्हणजे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र, दिव्यांगांसाठीच काम करतं, तिथे चौकशी करून बघा. आणि शिक्षकांना भेटाल तेव्हा ‘मुलाला लिहायला जमत नाही’ असं मोघम सांगू नका. ‘सगळं आठवतं, निवडता येत नाही, कोण-काय-बदल हे तीन प्रश्न लिहून दिले तर जमतं’ असं सांगा आणि ते कागदावर द्या.

भाच्याने सहा महिने सराव केला. बोर्डाच्या पेपरात मात्र सारांशलेखनाला पत्रलेखनाचा पर्याय असतो. त्याने पत्र लिहिलं.